हंगामाच्या तोंडावरचा बर्फ

पहिला दिवस

गाडीरस्ता जिथे संपतो तिथून आम्ही दरीत शिरलो तेव्हा नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि पायाखाली बर्फ नव्हताच. वाळके गवत, गोठलेला चिखल आणि ओढ्याच्या काठाने धरलेली बर्फाची पातळ कड, एवढ्यावरूनच हिवाळा सुरू झाल्याचे कळत होते. स्की पाठीवर बांधून आम्ही चालत होतो. खिंडीखालच्या निवाऱ्यात मुक्काम करायचा, तिथून आसपासचे उतार न्याहाळायचे, बर्फाची घडण तपासायची आणि परिस्थितीने मुभा दिली तर खिंडीपर्यंत जाऊन यायचे, असा बेत होता. सोबत एक अनुभवी मार्गदर्शक होते. निघताना त्यांनी एवढेच सांगितले की खिंड गाठायचीच असे मनाशी पक्के करून कोणी वर येऊ नये. ते वरचा बर्फ ठरवील.

सुमारे २,००० मीटर उंचीच्या वर दरीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या दिसू लागल्या. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर दगड आणि गवत उघडे पडलेले होते. उत्तरेकडे तोंड असलेल्या, दिवसभर सावलीत राहणाऱ्या उतारांवर मात्र ऑक्टोबरात पडलेला बर्फ टिकून होता. अशा वेळी नजर आपोआप त्या पांढऱ्या उतारांकडे वळते, कारण स्की करण्याजोगा बर्फ तेवढाच असतो. हंगामाच्या सुरुवातीच्या हिमस्खलनांचे मर्म माझ्या मते इथेच आहे. जिथे बर्फ टिकला आहे तिथेच तो आठवडेच्या आठवडे आतून कमकुवत होत राहिलेला असतो, आणि वाऱ्याने उडवून आणलेला नवा बर्फही अशाच आडोशाच्या, खोलगट जागी साठतो. या दिवसांत मनाला ओढ लावणारा उतार आणि घात करणारा उतार बहुतेक वेळा एकच असतो. बर्फ थोडा म्हणून धोकाही थोडा, ही समजूत किती चुकीची आहे हे पटण्यासाठी एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

संध्याकाळी निवाऱ्यात पोहोचल्यावर आम्ही मिळतील त्या नोंदी एकत्र केल्या. युरोपात १९९३ पासून हिमस्खलनाच्या धोक्यासाठी पाच पायऱ्यांची समान श्रेणी वापरली जाते आणि ऐन हिवाळ्यात तिच्या आधारे रोज अंदाज प्रसिद्ध होतात. परंतु अनेक पर्वतीय प्रदेशांत हे रोजचे अंदाज डिसेंबरच्या आगेमागेच सुरू होतात. त्याआधी डोंगरात निरीक्षकांची संख्या कमी असते, हवामानकेंद्रांची आकडेवारी तुटक असते आणि भटक्यांकडून येणाऱ्या नोंदीही विरळ असतात. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर जाणाऱ्याला ऑक्टोबरपासूनचा हवामानाचा इतिहास स्वतःच जुळवावा लागतो. आमच्या दरीचा इतिहास असा होता: ऑक्टोबरच्या मध्यावर एक मोठी बर्फवृष्टी, मग दोन-तीन उबदार दिवस, त्यानंतर बरेच दिवस निरभ्र आकाश व कडाक्याच्या रात्री, आणि अगदी अलीकडे वाऱ्यासह पडलेला थोडा बर्फ. या क्रमात दडलेली धोक्याची सूचना मार्गदर्शकांनी तेव्हाच ओळखली होती, पण ती डोळ्यांनी पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी खड्डा खणायचे ठरले.

दुसरा दिवस

सकाळी आधी ट्रान्सीव्हरचा सराव झाला. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव लावणारे हे उपकरण ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवते आणि झेलते. ते सहा-सात महिने कपाटात पडून राहिलेले असते, आत राहिलेल्या सेलमधून कधी द्रव गळलेला असतो, आणि हातांची सवयही मोडलेली असते. म्हणून मार्गदर्शकांनी प्रत्येकाचा यंत्रसंच उघडून सेल पाहिले, नवे अल्कलाइन सेल घातले आणि सगळ्यांना एकेक करून तपासणीच्या रेषेवरून चालायला लावले. संकेत पाठवताना मोबाइल व इतर विद्युत उपकरणे ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर दूर ठेवायची, हेही प्रत्येकाकडून म्हणवून घेतले. मग गाडलेल्या माणसाची नेमकी जागा बर्फात टोचून शोधणारी प्रोबची सळई जोडणे, ती उताराला काटकोनात खुपसणे, आणि जिथे लागते तिथून थोडे उताराच्या खालच्या अंगाने सरकून फावड्याने बर्फ उपसणे, हे सगळे घड्याळ लावून केले. या घाईला कारण आहे. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. ३५ मिनिटांच्या आसपास ती साधारण एक तृतीयांशावर येते. बाहेरची मदत एवढ्या वेळात क्वचितच पोहोचते, म्हणून गाडल्या गेलेल्याचा जीव सोबत्यांच्याच हातात असतो.

दुपारी निवाऱ्याच्या मागे, उत्तरेकडे तोंड असलेल्या पण लहान आणि खाली सपाट मैदानात संपणाऱ्या उतारावर आम्ही खड्डा खणला. फावडे ४५ सेंटिमीटरवरच जमिनीला लागले. सगळ्यात वर वाऱ्याने दाबून बसवलेला, एकसंध आणि घट्ट असा सुमारे २० सेंटिमीटरचा थर होता. हाच तो स्लॅब. त्याखाली ऑक्टोबरातल्या उबदार दिवसांत वितळून पुन्हा गोठलेला पापुद्रा होता, आणि पापुद्र्याच्या वर व खाली दोन्हीकडे असे दाणे होते की मूठभर उचलले तर बोटांमधून साखरेसारखे गळून पडत. जमिनीलगतचे दाणे भिंगाखाली धरले तेव्हा त्यांचे कोनदार, रेषांनी भरलेले, पोकळ पेल्यासारखे आकार स्पष्ट दिसले. काही दाणे तीन-चार मिलिमीटरचे होते. त्यांचा गोळा वळत नव्हता.

हे दाणे आकाशातून असे पडत नाहीत, ते बर्फाच्या पोटात तयार होतात. बर्फाखालची जमीन हिवाळ्यातही शून्य अंशाच्या आसपास राहते, आणि निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग मात्र खूप थंड होतो. आमच्या खड्ड्यात तळाशी उणे अर्धा अंश आणि पृष्ठभागाशी उणे अकरा अंश तापमान भरले. ४५ सेंटिमीटरमध्ये साडेदहा अंशांचा फरक म्हणजे मीटरमागे तेवीस अंशांहून अधिक. मीटरमागे साधारण दहा अंशांपेक्षा फरक वाढला की खालच्या उबेतून निघालेली पाण्याची वाफ वर सरकते, वरच्या दाण्यांवर गोठते आणि गोलसर, एकमेकांना चिकटणाऱ्या दाण्यांच्या जागी हे कोनदार, सुटे दाणे घडतात. आता हाच फरक दोन मीटर जाड बर्फात वाटला गेला असता तर मीटरमागे जेमतेम सव्वापाच अंश झाला असता आणि दाणे हळूहळू एकमेकांना धरून बसले असते. म्हणजे बर्फ पातळ आहे, हेच त्याच्या दुबळेपणाचे कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत यावर दोन मीटर बर्फ पडला तरी तळाचा हा थर नाहीसा होत नाही. तो महिनोन्‌महिने खाली तसाच राहू शकतो.

मग ताकद तपासण्यासाठी ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा स्तंभ दोरीच्या साहाय्याने मोकळा कापला. त्याच्या एका टोकावर फावड्याचे पाते ठेवून त्यावर आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा आणि शेवटी खांद्यातून दहा थापा द्यायच्या असतात. दहाव्या थापेपर्यंत काही झाले नाही. बाराव्या थापेला पापुद्र्यावरच्या दाण्यांचा थर एकदम बसला आणि वरचा सगळा स्लॅब, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच क्षणी खड्ड्यात सरकून आला. थाप एका कोपऱ्यावर पडली आणि फूट मात्र संपूर्ण रुंदीभर धावली, हे पाहण्यासारखे होते. स्लॅब कितव्या थापेला सुटतो याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, फूट शेवटपर्यंत पसरते की मध्येच थांबते याला महत्त्व आहे, कारण उतारावर माणसाच्या वजनाने एखाद्या ठिकाणी सुरू झालेली फूट अशीच डोक्यावरच्या बर्फापर्यंत पोहोचते. आम्ही आणखी एक स्तंभ कापला. उत्तर तेच आले. खिंडीचा विचार त्या संध्याकाळी आम्ही बाजूला ठेवला, तरी तो सोडलाही नाही.

तिसरा दिवस

रात्रीपासून वारा आणि बर्फ दोन्ही सुरू झाले, आणि दिवस निवाऱ्यातच गेला. खिडकीतून समोरची धार अधूनमधून दिसे आणि तिच्या माथ्यावरून बर्फाचा झोत आडवा वाहताना दिसे. आकाशातून दिवसभरात पडलेला बर्फ निवाऱ्याच्या अंगणात १५ सेंटिमीटर भरला, पण धारेच्या आडोशाच्या बाजूला त्याच्या कित्येक पट साठत होता. वारा बर्फ नुसता हलवत नाही. उडताना दाणे एकमेकांवर आपटून बारीक होतात आणि जिथे पडतात तिथे घट्ट, एकसंध थर बांधतात. तळाशी सुटे दाणे तयारच होते, त्यांच्यावर आता वारा स्लॅब रचत होता.

दिवसभर बोलणे याच विषयाभोवती फिरले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली; २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि दोघे बेपत्ताच राहिले. त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सर करणारी प्रशिक्षक सविता कंसवाल त्यात गेली. त्याआधी ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या हुडहुड चक्रीवादळाच्या उरलेल्या जोराने नेपाळात अन्नपूर्णा परिक्रमेच्या मार्गावर थोरोंग ला खिंडीच्या परिसरात प्रचंड बर्फ पडला, आणि हिमवादळ व हिमस्खलने मिळून ४० हून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबर हा तिथे भटकंतीचा उत्तम महिना मानला जातो. दोन्ही ठिकाणची उंची, बर्फ आणि कारणे वेगळी आहेत आणि ती आमच्या दरीला लावणे बरोबर होणार नाही. पण दिनदर्शिकेत हिवाळा लागला नाही म्हणून हिमस्खलन होणार नाही, असे मानणाऱ्याने या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

आमच्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने दुखापतींचा मुद्दा काढला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटला. हिमस्खलनातले बहुतेक मृत्यू गुदमरून होतात, पण कॅनडातल्या एका अभ्यासात सुमारे चौथा हिस्सा मृत्यू आघाताने झाल्याचे दिसले आहे. पातळ बर्फात तर वाहून जाणारा माणूस दगड, खुंट आणि कपारींवरून घासत जातो. ऐन हिवाळ्यात जो लहानसा घसारा माणसाला नुसता पाडून गेला असता, तोच हंगामाच्या सुरुवातीला हाड मोडू शकतो किंवा डोके फोडू शकतो. हवा भरणारी पाठपिशवी माणसाला वाहत्या बर्फाच्या पृष्ठभागाजवळ ठेवण्यास मदत करते. दगडांपासून ती वाचवत नाही, आणि खाली अरुंद घळ असेल तर वरून येणाऱ्या बर्फाखाली गाडले जाण्यापासूनही ती नेहमी वाचवील असे नाही.

दगडांविषयी आणखी एक समजूत तेव्हा चर्चेला आली. उतारावर मोठे धोंडे डोके वर काढून असले की त्यांनी बर्फ धरून ठेवला आहे, असे अनेकांना वाटते. जिथे जमिनीचा खडबडीतपणा अजून बर्फात बुडलेला नाही तिथे हे काही अंशी खरे आहे. पण धोंडे जेमतेम झाकले गेले की चित्र पालटते. धोंड्याभोवती पोकळ्या असतात, तिथे बर्फ पातळ असतो, सुटे दाणे अधिक जोमाने वाढतात, आणि माणसाचे वजन तळाच्या थरापर्यंत सहज पोहोचते. दोन धोंड्यांमधून काढलेली वाट त्यामुळे सुरक्षित न राहता फूट सुरू होण्याची जागा ठरते. गवताळ किंवा बारीक खड्यांच्या गुळगुळीत उताराला तर झाकले जाण्यासाठी फारसा बर्फ लागतही नाही.

चौथा दिवस

पहाटे आकाश निरभ्र झाले होते. नव्या बर्फाची जाडी अंगणात ३५ सेंटिमीटर भरली. खिंडीकडे जाणारा उत्तरेचा उतार वरपासून खालपर्यंत भरून, सारखा होऊन, उजाडताच चमकू लागला, आणि कालपर्यंत दिसणारे सगळे धोंडे त्याखाली गेले होते. आमच्यातल्या सर्वांत तरुण सोबत्याने मोकळेपणाने विचारले की इतका सुंदर उतार समोर असताना निदान त्याच्या कडेने जाऊन पाहायला काय हरकत आहे. मला हा प्रश्न योग्य वाटला, कारण तो प्रत्येकाच्या मनात होता आणि मनात राहण्यापेक्षा बोलला गेला हे बरे झाले. मार्गदर्शकांनी त्याला नकाशा आणि उतारमापक दिले आणि स्वतःच पाहायला सांगितले. स्लॅबची हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. समोरचा उतार ३५ ते ३८ अंश होता. वर वाऱ्याने भरलेली कड होती, खाली निमुळती होत जाणारी घळ होती, आणि मध्ये परवाच्या खड्ड्यात पाहिलेला तोच तळ असणार होता. नकाशा परत देताना त्याने स्वतःच मान हलवली.

आम्ही खिंडीऐवजी घळीच्या अलीकडची रुंद सोंड धरली. तिचा माथा पंचवीस अंशांपेक्षा कमी उताराचा होता, तिच्यावरचा बराच बर्फ वाऱ्याने उडून गेला होता आणि तिच्या डोक्यावर दुसरा तीव्र उतार नव्हता. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला स्किन्सच्या पट्ट्या लावून, एकमेकांत अंतर ठेवून, आम्ही हळूहळू वर निघालो. पहिल्या तासाभरातच स्कीच्या टोकांपुढून बर्फात भेगा धावू लागल्या. काही दोन-तीन मीटर, एक तर चांगली दहा मीटर गेली. एका सपाट टप्प्यावर पाऊल टाकताच पायाखालचा सगळा टप्पा एकदम थोडासा खचला आणि खोल, दबलेला असा आवाज झाला. तळाचा थर कोसळल्याचा तो आवाज होता. अशा खुणा मिळाल्यावर खड्डा खणून पाहण्याची गरज उरत नाही, कारण डोंगर स्वतःच उत्तर देत असतो.

मार्गदर्शकांनी तिथूनच वळायचे ठरवले. आम्ही सोंडेच्या माथ्यावरच, कडेपासून दूर राहून, वळणे घेत असताना पुन्हा तसाच आवाज झाला, पण या वेळी तो थांबला नाही. आमच्या पायाखालून निघालेली फूट माथ्यावरून बाजूच्या उतारात गेली आणि आमच्यापासून साठ-सत्तर मीटर अंतरावर, जिथे आमच्यापैकी कोणी पाऊलही ठेवले नव्हते, तिथे बर्फाची आडवी कड उघडी पडली. तिच्याखालचा स्लॅब क्षणभर जसाच्या तसा सरकला, मग त्याचे मोठमोठे तुकडे झाले आणि ते सगळे घळीत गेले. आवाज फार मोठा नव्हता. आम्ही जागच्या जागी थांबलो, एकमेकांना हाका मारून सगळे सोंडेवरच असल्याची खात्री केली, आणि वर सुटण्याजोगे आणखी काही शिल्लक नाही याची मार्गदर्शकांनी खात्री केल्यावरच ते एकटे, दुसऱ्या एकाला पाहाऱ्यावर ठेवून, बाजूने पाहायला गेले.

सुटलेला भाग सुमारे ४५ मीटर रुंद होता. तुटलेल्या कडेची उंची कुठे ५० तर कुठे ८० सेंटिमीटर होती. बर्फ दीडशे मीटरच्या आतच वाहून थांबला होता. आकाराच्या श्रेणीत हे दुसऱ्या पायरीचे हिमस्खलन, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या मानाने लहान. तरीही दुसऱ्या पायरीचे हिमस्खलन माणसाला गाडू शकते आणि मारू शकते, आणि इथे तर खाली घळ होती: उघड्या उतारावर पसरून गुडघाभर झाला असता तो बर्फ तिथे दोन मीटरहून अधिक उंच साचला होता. त्यात माती, उपटलेले गवत आणि डोक्याएवढे दगड मिसळलेले होते. काही ठिकाणी स्लॅब थेट जमिनीवरून निघाला होता, काही ठिकाणी तळाचे सुटे दाणे हातभर पट्ट्यांत मागे राहिले होते. दुरून सुटणारी अशी हिमस्खलने तळाच्या दुबळ्या थराची खास खूण आहेत, आणि म्हणूनच ‘आपण तीव्र उतारावर नव्हतो’ हे कारण तेवढ्यावर पुरे पडत नाही. आपल्या डोक्यावर आणि बाजूला काय जोडलेले आहे, हेही पाहावे लागते. त्या दिवशी आम्ही सोंडेवर होतो, घळीत नव्हतो. सकाळी निवडलेल्या वाटेमुळेच हे सगळे पाहता आले.

पाचवा दिवस

परतीची वाट दक्षिणमुखी बाजूने, उघड्या गवतावरून काढली. तिथे नवा बर्फ थेट उबदार जमिनीवर पडलेला होता आणि उन्हाने ओला होऊन लहान लहान घसाऱ्यांत खाली येत होता, म्हणून ऊन चढण्याआधी तो टप्पा मागे टाकला. खालचे चालणे नेहमीसारखेच झाले.

रस्त्याला लागण्यापूर्वी आम्ही बसून सविस्तर नोंद लिहिली आणि त्या प्रदेशाच्या हिमस्खलन-अंदाज केंद्राकडे पाठवली: उताराची दिशा, उंची, कोन, खड्ड्यातले थर, स्तंभाच्या दोन्ही चाचण्यांचे निकाल, भेगा, खचण्याचे आवाज, दुरून सुटलेले हिमस्खलन आणि त्याची छायाचित्रे. अशा काळात एकेका नोंदीला मोल असते. शेवटी मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून एक मुद्दा वाढवला, जो मला आधी सुचला नसता. एकदा सुटून गेलेला उतार आता निर्धोक झाला, असा समज पुढे येणाऱ्यांचा होऊ शकतो. पण त्या उतारावर मागे राहिलेले दाणे आणि वर पडणारा पुढचा थोडा बर्फ मिळून पुन्हा पातळ थरच होणार, त्यात तापमानाचा फरक पुन्हा तीव्र होणार, आणि आजूबाजूचा बर्फ जाड होऊन सावरत असताना तेवढाच पट्टा नव्याने दुबळा होत राहणार. एकाच हंगामात असा उतार पुन्हा सुटू शकतो. म्हणून तुटलेल्या कडेची दोन्ही टोके नकाशावर खुणेने दाखवून तो संपूर्ण भाग ‘पुढील मोठ्या बर्फवृष्टीनंतर पुन्हा तपासावा’ असे लिहून आम्ही नोंद पूर्ण केली.